आत्या दिवसभर ओट्यावरच का बसते?

ताई,

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. वय २७. तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षांपासून रील बनवतो. आईचं इरकल लुगडं नेसायचं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात चिकटवायची चमकी, की मी 'आत्या' होतो. ओट्यावर बसून अख्ख्या गावाची उणीदुणी काढणारी, नवऱ्याला धारेवर धरणारी, दुसऱ्याच्या घरचा चहा पिणारी आत्या. प्रत्येक रीलच्या शेवटी उठताना 'अगं बया, कंबर लचकली' म्हणून ठुमकत आत जायचं, हा आमचा ठरलेला डायलॉग. लोकांना लई आवडतो. लग्नात, जत्रेत बोलावणं येतं. दुकानाचं भाडं त्याच्यावरच निघतं.

आता अडचण. माझा भाचा आठवीत आहे. त्याचं बोलणं-चालणं जरा नाजूक. वर्गातली पोरं त्याला 'आत्या' म्हणूलालीत. फळ्याकडं गेला की मागून तोच डायलॉग. आठ दिवस झाले, तो शाळेत गेला नाही. बहीण फोनवर म्हणाली, 'तुझ्या कंबरेपायी माझं लेकरू घरी बसलंय.' त्याच आठवड्यात बायकोनं लुगडं पेटीत घालून कुलूप लावलं. तिचं म्हणणं वेगळंच, 'तुमची आत्या दिवसभर ओट्यावर बसूनच राहूलाली. अशी बाई आपल्या गावात कोन हाय, दाखवा.'

ताई, गडी माणसानं बाईचं सोंग आणणं काय आजचं आहे का? 'अशी ही बनवाबनवी' आमच्या घरी अजून सगळे मिळून बघतात. तेव्हा कुणाला काही झालं नाही, मग माझ्याच वेळेला काहून? बंद करू का चालू ठेवू, एका शब्दात सांगा.

– 'आत्या', परभणी जिल्हा

भाऊ, वयानं तू माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान, म्हणून अरे-तुरे करते. एक शब्द मागितलास, तो देते : चालू ठेव. पण हे वाचून लगेच मोबाईल स्टँडला लावू नकोस. आधी बहिणीकडं जा. रील थांबली म्हणून आत्या काही मरत नाही. आठ दिवस घरी बसलेल्या पोराला मात्र नवव्या दिवशी शाळेची पायरी चढणं फार जड जातं.

तिथं काय बोलायचं नाही, ते आधी सांगते. 'जरा छाती काढून चालत जा' म्हणायचं नाही. 'तालमीत घालू, बघ कसा गडी होतो' हे तर नाहीच. आणि 'मी गंमत केली, तू काहून मनाला लावून घेतलंस' हे तोंडातून निघणार असेल तर दारातूनच माघारी फिर. तो 'तसला' आहे का, हा प्रश्न तुझ्या पत्रात कुठं लिहिलेला नाही, पण 'जरा नाजूक' लिहिताना तुझा पेन तिथं अडखळला असावा. बहिणीच्या घरातही दार लावून हीच कुजबुज चालू असेल. आठवीतल्या पोराबद्दल ह्याचं उत्तर आज कुणीच द्यायचं नाही. काही पोरांची चाल मऊ असते, जन्मभर मऊच राहते, आणि ती दोन लेकरांचे बाप होऊन निवांत शेती करतात. काहींचं खरंच वेगळं असतं, ते त्यांना त्यांच्या वेळेला उमगतं. दोन्हीपैकी काहीही असो, फळ्यापर्यंत जाताना मागून कुणी ओरडू नये, सध्या एवढंच बघायचं आहे.

त्याला एवढंच विचार : 'मी काय करू, सांग.' आणि मग गप्प बस. तो पाच मिनिटं काहीच बोलणार नाही, तेव्हा तुझी जीभ वळवळेल, ती आवर. तो म्हणाला 'ते रील काढून टाक', तर त्याच्यासमोर काढ, किती लोकांनी बघितलंय ते मोजत बसू नकोस. तो म्हणाला 'तू शाळेत येऊ नकोस', तर जाऊ नकोस, बहिणीला पाठव. वर्गशिक्षकांना एक गोष्ट आधीच बजावायची, की भर वर्गात त्याला उभं करून 'ह्याला कोण कोण चिडवतं रे?' असं विचारायचं नाही. आपल्याकडं चांगले चांगले गुरुजी न्याय करायला निघतात आणि पोराची आणखी शोभा करून ठेवतात. अजून एक, त्याला शेजारी बसवून माफीची रील काढायची नाही. तुझ्या डोक्यात ती कल्पना येऊन गेली असणार, रीलवाल्यांच्या डोक्यात येतेच. आणि त्याचं जेवण-झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर थांबू नका. १४४१६ ह्या टेली-मानसच्या नंबरावर मराठीत बोलता येतं, फुकट आहे. लेकरांसाठी १०९८ आहे.

आता 'तेव्हा कुणाला काही झालं नाही' ह्या वाक्याकडं येते, कारण ते वाचून मी चहा बाजूला ठेवला.

तो पिक्चर १९८८ चा. आमच्या तालुक्याच्या गावी आला तेव्हा मी आठवीत होते, तुझ्या भाच्याएवढी. मीही पोट धरून हसले. आजही हसते, खोटं कशाला बोलू? त्यातला विनोद मुळात घराच्या अडचणीतून उभा राहिलाय. चौघांना डोक्यावर छप्पर पाहिजे, मालकीण लग्न झालेल्यांनाच जागा देणार, म्हणून दोघांना साड्या नेसाव्या लागतात. एक थाप झाकायला दुसरी थाप, असं ते वाढत जातं. भाड्याची खोली शोधत फिरलेल्या कुणालाही ते आतून कळतं. पण पिक्चर आला त्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाचं नाव 'पार्वती' पडलं. बारीक आवाजाचा, अक्षर मोत्यासारखं. वर्षभर त्याला कुणी खऱ्या नावानं हाक मारली नाही, मीही नाही. दहावीला तो वर्गात नव्हता. पिक्चरमुळंच शाळा सुटली असं मी म्हणणार नाही, बाप आजारी होता, गरिबी होती. पण तो कुठं गेला हे आम्ही पन्नास जणांत एकानंही विचारलं नाही. त्यानं कुणाला पत्र लिहिलं नाही, म्हणून 'कुणाला काही झालं नाही' असं तुला वाटतंय.

सोंग आजचं नाही, हे मात्र तुझं शंभर टक्के बरोबर. आपल्याच मराठवाड्यात बघ. पैठणला नाथषष्ठीच्या गर्दीत एकदा मी भारूड ऐकायला बसले होते. भारूडकरी पन्नाशीचा, गालावर दोन दिवसांची खुंटं, भिंतीकडं तोंड करून लुगडं नेसत होता. कासोटा काही केल्या बसेना. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीलाच त्यानं हाक मारली, 'माय, येवढा कासोटा खोचून दे वं.' म्हातारी उठली, खोचून दिला, वर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग ते भवानी आईला रोडग्याचा नवस बोलणारं नाथांचं भारूड सुरू झालं. तुला माहीतच आहे ते. सासरा गावाला गेलाय त्याला तिकडंच खपव, सासूचा निकाल लाव, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, आणि शेवटी दादला मारून आहुती देते, मला मोकळी कर. माझ्या शेजारी एक चाळिशीची बाई होती. पदर तोंडात कोंबून ती इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते थांबेचना. तिच्या पलीकडं तिची सासू बसलेली. तीही हसत होती.

कीर्तनकार सांगतात, की सासू-सासरा म्हणजे अमुक विकार आणि दादला म्हणजे तमुक. ते खरंच आहे, नाथांना तोच अर्थ सांगायचा होता. त्या अर्थाला बायका मान डोलावतात, पण हसतात त्या चुलीपुढच्या अर्थाला. जे बोलायची घरात सोय नाही, ते एक खुंटं वाढलेला बाप्या लुगडं नेसून चव्हाट्यावर बोलून टाकतो, तेही देवीच्या पुढ्यात, म्हणजे कुणाला रागही धरता येत नाही. सोळाव्या शतकातल्या लिहिण्यानं आज एकविसाव्या शतकातली बाई रडेपर्यंत हसते. रीलवर येणारी हजार हसरी तोंडं एकीकडं आणि ते हसू एकीकडं.

तुझ्या आत्याच्या पाच-सहा रील मी बघितल्या. नक्कल पक्की आहे. विडा लावताना बोटाला लागलेला चुना तू लुगड्याला न पुसता ओट्याच्या कडेला पुसतोस, ते बघून मला माझी खरी आत्या आठवली. हात बोलतात तुझे. पण तोंड बोलतं ते टपरीवरच्या पोरांचं. बाई म्हणजे चहाडखोर, बाई म्हणजे फुकटी, बाई म्हणजे नवऱ्याचा छळ. आणि हे सगळं संपल्यावर हसू येत नसेल तर कंबर आहेच. ती कंबर म्हणजे तुझ्या रीलची कुबडी झालीय. तुझ्या भाच्याच्या वर्गातल्या पोरांनी तुझा विनोद उचलला नाही, ती कुबडी उचलली. बायकी चालीवर हसायचं असतं एवढंच त्यांना कळलं, आणि बायकी चालीचा एक पोरगा समोरच होता.

गडी लुगडं नेसला की हसू येतं, आणि बाई धोतर नेसली की? आमच्याकडं लग्नघरी वऱ्हाड गेल्यावर मागं राहिलेल्या बायकांत एखादी थोराड मावशी धोतर-टोपी चढवायची, काजळाच्या मिशा काढायची आणि गावच्या पाटलाची नक्कल करायची. हसून हसून मुरकुंडी वळायची. पण ते दार लावून. गड्यांनी बघायचं नाही. बाहेर, उजेडात, पोरगी पँट घालून दुचाकीवर निघाली तर कुणी हसत नाही, लोक चिडतात. 'लई शहाणी झाली' म्हणतात. आपल्या मनात एक उतरंड रचलेली आहे. खालचं मडकं वर ठेवलं तर राग येतो, वरचं खाली आणलं तर हसू येतं. कामं न करणाऱ्या साहेबाला मोर्चेकरी साडी-चोळी-बांगड्यांचा आहेर करतात ना, तुझ्या तालुक्यालाही झाला असेल एखादा. साहेबाचा ह्याहून मोठा अपमान त्यांना सुचत नाही. आणि त्या मोर्चात घोषणा द्यायला निम्म्या बायकाच असतात, हातात बांगड्या घालून.

सगळ्याच लुगड्यांना लोक हसतात असंही नाही हं. पोतराज दारात येतो, कमरेला चिंध्यांचा घागरा, पाठीवर मोकळे केस, पायात घुंगरू. त्याला कुणी हसून दाखवावं! मळवट भरलेला तो चेहरा बघून माझी आजी सुपात जवारी घेऊन धावायची, आम्ही पोरं तिच्या मागं लपायचो. लुगडं-घागऱ्यात मुळातच हसण्यासारखं काही नाही, बघणाऱ्याला आधी काय शिकवलंय त्यावर ते ठरतं.

मागच्या दिवाळीत मराठवाडा एक्स्प्रेसनं जालन्याहून येत होते. समोरच्या बाकावर कॉलेजची तीन पोरं मोबाईलवर एक रील बघत होती, साडीतला कुणी गडी नाचत होता, खिदळणं चाललं होतं. (तुझी आत्या नव्हती, घाबरू नकोस.) तेवढ्यात एक तृतीयपंथी बाई डब्यात आल्या. पोरांच्या मागं उभं राहून त्यांनीही रील बघितली. म्हणाल्या, 'नेसलाय छान. बिलाउज तेवढा ढिला शिवलाय.' पोरांनी वर बघितलं. हसू जागच्या जागी विरलं, आणि कडेच्या पोरानं गुडघे आत ओढून घेतले, त्यांच्या साडीचा स्पर्श नको म्हणून. मोबाईलमध्ये तो गडी अजून नाचतच होता.

तुला एक जुनी गोष्ट सांगते. जमिनीच्या जुन्या कागदांवर तू फसली साल बघितलं असशील. आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची ती वर्षांची मोजणी. १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ साली, त्या संस्थानात एक कायदा झाला. हिजड्यांची (कायद्याचा शब्द साधारण हाच) सरकारदरबारी नोंद ठेवायची, आणि नोंद झालेलं माणूस रस्त्यावर बायकी कपड्यात, दागिन्यांत दिसलं किंवा लोकांसमोर नाचलं-गायलं तर वॉरंटशिवाय अटक. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. आता गंमत बघ. त्याच १९१९ साली बालगंधर्व 'एकच प्याला'मध्ये सिंधू होऊन उभे राहत होते आणि प्रेक्षक रडत होते. त्यांची साडीची नेसण, केसांतली फुलं बघून घरंदाज बायका आपली नेसण बदलत होत्या. पडद्यासमोर साडी नेसली तर गंधर्व, आणि रस्त्यावर नेसली तर गुन्हेगार. संस्थान गेलं, भाषावार राज्यं झाली, तरी तो कायदा तेलंगणात कागदावर राहिलाच. तिथल्या उच्च न्यायालयानं तो २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नव्हे, परवा. तुझं मोबाईलचं दुकान तेव्हा चालू असेल.

तू पडद्यासमोरच्या बाजूला आहेस. आठ वाजता लुगडं उतरवतोस, शर्ट घालतोस, दुकानात बसतोस, कुणी गुडघे आत ओढत नाही. तुला कमाई होते, मान मिळतो, त्यात चूक काही नाही. पण भाच्याला ती सोय नाही. त्याची चाल आठ वाजता उतरवून पेटीत ठेवता येत नाही.

आता तुझ्या बायकोचं वाक्य. 'अशी बाई आपल्या गावात कोन हाय?' एवढं नेमकं बोलणं मला ह्या सगळ्या कॉलमात जमलेलं नाही. तिला बाईच्या सोंगाचा राग नाही रे. ती म्हणते, तुझं सोंग खोटं आहे. तुझ्या गावातली आत्याच्या वयाची बाई पहाटे उठते, भाकरी थापते, खुरपायला जाते, दिवाळीच्या आधी-मागं कापूस वेचून बोटं फाटतात, आणि संध्याकाळी दहा मिनिटं ओट्यावर टेकते. तू ती दहा मिनिटं दिवसभराची करून दाखवतोस. गावातल्या बायका हसतात, कारण वाटतं की ही दुसरी कुणीतरी आहे. पण घरात जिच्या सासूचं लुगडं तू नेसतोस तिला ठाऊक आहे, की त्या लुगड्याला कापसाच्या बोंडाची नखं लागून धागे निघालेत.

त्या आत्याला बाहेर काढ. एसटीत बसव. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि कंडक्टर 'अर्ध्या तिकिटाच्या लई झाल्या' म्हणून कुरकुरतोय, तिथं आत्याला बोलू दे. रेशन दुकानात ने. खुरपं धरून धरून बोटांच्या रेघा झिजलेल्या, मशीनवर थम काही उठत नाही, आणि दुकानदार म्हणतोय 'म्हातारे, तू तूच आहेस कशावरून?' अरे, ह्यावर आत्या काय बोलेल ह्याचा विचार करूनच मला हसू फुटतंय. बचत गटाच्या मीटिंगला ने. स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसव आणि पोराकडच्यांनाच 'पोराला भाकरी येते का?' विचारू दे. तिथं कंबर लचकवायची गरजच पडणार नाही. लोभी, भांडखोर आत्याही चालेल मला, बायका काही देवाच्या मूर्ती नसतात. मात्र तिला भांडायला कारण दे. आणि तृतीयपंथी दिसले की टाळ्या, 'हा का ही' असले डायलॉग, ते आजपासून बंद. ते तुझ्या एका रीलमध्ये आहे, मी बघितलंय.

लिहायला बायकोला बसव. 'कशी वाटली?' असं रील झाल्यावर विचारू नकोस, आधी बसव, आणि कमाईतला वाटा दे. भारूडकऱ्याचा कासोटाही शेवटी म्हातारीनंच खोचून दिला होता. तुझी टपरीवरची चार पोरं नाराज होतील. पहिल्या महिन्यात लाईक कमी होतील, 'आत्या, कंबर कुठं गेली' अशा कमेंटी येतील. दुकानाच्या भाड्याची तेवढी दोन महिन्यांची तजवीज आधी करून ठेव, नाहीतर तिसऱ्या रीलला तू पुन्हा लचकशील.

पेटीची किल्ली तिच्याकडं मागू नकोस. बोलणं झालं, पटलं, तर ती स्वतःच लुगडं काढून देईल, धागे निघालेत तिथं टाचून. नाही दिलं तर बाजारातून नवं घे, इरकलच घे, आणि दोन-चार वेळा धुऊनच नेस. करकरीत लुगड्यातली आत्या खोटी दिसते.

भाच्याचं काय झालं ते आधी कळव. रीलचं नंतर.